अश्रूंची साक्ष

ज्या प्राण्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत नाहीत त्याला दुःख होते काय, हा प्रश्न धर्मविचाराला टाळता येण्यासारखा नाही. कारण अहिंसेचा उपदेश करणारी आपली सर्व दर्शने परदुःखाच्या जाणिवेवर उभी असली, तरी ते दुःख ओळखण्याचे काम आपण बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांकडे पाहूनच उरकतो.

अश्रू मेंदूतून पाझरतात, असा एक समज युरोपात दीर्घकाळ रूढ होता. पुढे कॅथलिक बिशप झालेल्या नील्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने 1662 मध्ये नेत्रग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अश्रूंचा उगम ग्रंथीत आहे हे दाखवून दिले. 1694 मध्ये योहान याकोब हार्डर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने हरणाच्या नेत्रगुहेत एक निराळीच ग्रंथी पाहिली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या दोन ग्रंथींची वाटणी सस्तन प्राण्यांत मोठी विलक्षण आहे. मनुष्याच्या नेत्रगुहेत वरच्या, बाहेरच्या बाजूस बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी असते. हार्डर ग्रंथी मात्र प्रौढ माणसात आढळत नाही, आणि तिसऱ्या पापणीची खूण म्हणून डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात एक गुलाबी घडी तेवढी शिल्लक राहिली आहे. सशाच्या हार्डर ग्रंथीचे पांढरा व गुलाबी असे दोन खंड स्पष्ट दिसतात. उंदराच्या त्याच ग्रंथीतून लालसर रंगद्रव्य स्रवते, आणि तो आजारी वा त्रस्त झाला म्हणजे त्याच्या डोळ्यांभोवती जो तांबूस थर साचतो, त्यास अजाण माणूस रक्त समजतो. हत्तीला तर अश्रुग्रंथीच नाही, अश्रू नाकात उतरवणारी नलिकाही नाही. त्याचा डोळा ओला ठेवण्याची तजवीज हार्डर ग्रंथी आणि तिसरी पापणी यांच्याकडे आहे.

विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाने 1802 मध्ये नेत्राची रचना ईश्वराच्या योजकतेचा दाखला म्हणून पुढे मांडली होती. तो दाखला कोणी मान्य करो वा न करो, या तुलनेतून एवढे निर्विवाद सिद्ध होते की, डोळ्याचे रक्षण हे या सर्व ग्रंथींचे मूळ कार्य आहे आणि शोकाने रडणे ही मनुष्याच्या ठिकाणी त्यास मिळालेली जोड आहे. वेदना ही मज्जासंस्थेची बाब आहे. ती हत्तीला आहे, उंदराला आहे, सशालाही आहे. तेव्हा कोरड्या डोळ्यांवरून अंतःकरणाचा निवाडा करणे हा शरीरशास्त्राच्या दृष्टीने प्रमाद आहे आणि धर्माच्या दृष्टीने अन्याय आहे. मुक्या प्राण्यावर दया करावयाची तर त्याने अश्रूंची साक्ष आणून द्यावी, अशी अट घालण्याचा अधिकार आपणांस नाही.