पोटात वारा, डोक्यात हवा

बस. कट्ट्यावर नको, इथं समोर, माझ्या नजरेखाली. आणि ती सोड्याची बाटली आधी खाली ठेव.

तुझी बायको सकाळी येऊन गेली. रडली नाही, रडून झालंय तिचं. म्हणाली, झोपेत श्वास अडू नये म्हणून रात्री लावायचं ते हवेचं मशीन तीन आठवडे कपाटावर पडलंय, वर टॉवेल टाकलाय. आणि गेल्या रविवारी, इथंच उभा राहून, तू मला काय सांगितलंस? ‘बाई, रोज लावतो.’ लेका, शाळेत तू गृहपाठाची वही घरी राहिली म्हणायचास, तेव्हा निदान घरून मागवता तरी यायची. या मशीनची वही तिच्या पोटातच असते. किती तास लावलं, मास्कमधून किती हवा गळली, तासाला किती वेळा श्वास अडला, सगळं आतल्या कार्डात उमटतं. डॉक्टरांनी ते कार्ड लावलं की तुझ्या थापेला जागा कुठं उरणार?

तपासणीच्या कागदावर तुझा आकडा 38 होता. तू तो कागद घडी घालून खिशात कोंबलास, म्हणून मी उलगडून सांगते. झोपेत तासाला 38 वेळा तुझा श्वास निदान दहा सेकंद थांबतो किंवा अपुरा पडतो. 30 च्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. आपल्याकडं त्याला काय म्हणतात? ‘मस्त घोरतोय गडी.’ उजळाईवाडीचं विमान धावपट्टीवर उतरलं की आवाज थांबतो तरी. तुझा थांबला की तुझी बायको अंधारात उठून तुझ्या नाकाशी हात धरते. बप्पी लाहिरी 2022 च्या फेब्रुवारीत मुंबईत गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. पैशाला आणि दवाखान्याला कमी नसलेला माणूस.

आणि तू काय करतोस पोटासाठी? शाळेची बस चालवतोस. गडमुडशिंगीतून निघायचं, उचगावच्या गर्दीतून हायवेपाशी यायचं, मागं बत्तीस पोरं. गेल्या महिन्यात सिग्नलला डोळा लागला नि मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून उठवलं, हे तूच हसत हसत सांगितलंस. मला हसू आलं नव्हतं. आजही येत नाही.

आता तुझी तक्रार. मशीन लावलं की पोट तट्ट फुगतं, पहाटे कळ येते, सकाळभर ढेकर, आणि बसमध्ये बसल्यावर वारा सरतो म्हणून लाज वाटते. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. हा त्रास खरा आहे आणि पुष्कळांना होतो. पण तो का होतो, हे विचारावंसं तुला एकदाही वाटलं नाही. नववीत यू आकाराच्या नळीत रंगीत पाणी भरून दाब मोजायला शिकवलं होतं. तू मागच्या बाकावर फुंकर मारून ते पाणी माझ्या साडीवर उडवलंस, तोच प्रयोग. तुझ्या मशीनचा दाबही तसाच मोजतात, पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये. साधारण 4 ते 20 च्या दरम्यान. तुला 12 लावून दिलाय. म्हणजे पेल्यात बारा सेंटीमीटर खोल नळी बुडवून बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढाच. बसच्या चाकात तू शंभर पौंड हवा भरतोस, ती या हिशेबात सात हजार सेंटीमीटर होते. बाराला घाबरलास?

तो दाब घशाची सैल पडणारी भिंत उघडी धरतो. पण घशात पुढं दोन वाटा फुटतात, एक फुप्फुसाची, एक जठराची. जठराच्या वाटेला वर एक आणि खाली एक, अशी आवळलेली कडी असतात. दाब जास्त झाला, किंवा झोपेत आवंढा गिळला, की वरचं कडं उघडतं आणि हवा आत घुसते. खालचं कडं आधीच ढिलं असेल तर तिला मोकळं रान. आणि तुझं ढिलं आहे, कारण आंबट पाणी घशाशी येतं म्हणून वर्षभर तू पित्ताच्या गोळ्या खातोयस, तेही दुकानातून मागून आणून, कुणाला न विचारता. हे डॉक्टरांना सांगितलंस? नाही ना? मग त्यांना काय स्वप्न पडणार आहे?

त्यात तुझे उद्योग. रात्री साडेदहाला तांबडा रस्सा ओरपायचा आणि अकराला उताणं पडायचं. शनिवारी ‘थोडीशी’ घ्यायची. दारूनं घसा आणखी सैल पडतो, हे कोण सांगणार? नाक चोंदलेलं असलं तरी मास्क चढवायचा, मग तोंड उघडतं, हवा गळते, घसा कोरडा पडतो आणि तू रात्रभर आवंढे गिळतोस. मास्क गळतो म्हणून पट्टे इतके आवळलेस की गालावर वळ उठले. वाकडा बसलेला मास्क आवळून सरळ होत नसतो. आणि आत वारा कोंडलाय म्हणून वरून सोडा! फुगलेल्या चाकाला आणखी पंप लावणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदा बघतेय. ओवा-हिंगाला माझी ना नाही, पण ते आत गेलेल्या हवेवर. हवा आत जाऊच नये, त्याचं काय?

यापेक्षा मोठा गुन्हा पुढंच आहे. मोबाइलवर बघून तू मशीनचा दाब बारावरून पाचावर आणलास. पोट हलकं झालं, आणि तू जिंकल्यासारखा गल्लीभर सांगत सुटलास. घोरणं परत सुरू झालं, दिवसा डुलक्या परत आल्या, ते कुणाला सांगितलं नाहीस. मग मशीनचाच काही उपयोग नाही म्हणून ते कपाटावर. चाकात हवा जास्त झाली तर तू काय करतोस रे? चाक काढून उसात फेकतोस, की मापून थोडी सोडतोस?

सिडनीत कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी 1980 साली हा उपाय पहिल्यांदा केला, 1981 ला छापला. त्याआधी तुझ्यासारख्या तीव्र रोग्याला पक्का इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडणं. सुरुवातीची माणसं खडखडणारी मोटर उशाला घेऊन झोपली, मास्क रोज रात्री गोंदानं नाकाला चिकटवून. तुला पेटीभर सुखसोयी मिळाल्यात आणि तू ढेकरेला हरलास.

ऐक आता, आणि मान डोलावू नकोस, लिहून घे. उद्या सकाळी मशीन, मास्क, चार्जर, सगळं पिशवीत घालून जिथं तपासणी केली तिथं जायचं. दाब आपण होऊन पाचावर आणला, हे पहिल्या वाक्यात सांगायचं. मग विचारायचं: श्वास सोडताना दाब जास्तीत जास्त 3 सेंटीमीटरनं कमी करायची सोय यात आहे का, ती चालू आहे का? रात्रभर एकच दाब हवा, की गरजेप्रमाणं वरखाली होणारा चालेल? त्यानंही भागलं नाही तर श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा, असे दोन दाब देणारं मशीन असतं, त्याची गरज आहे का? मास्क तोंडावर बसवून, तुला आडवं झोपवून बघायला सांग. उभ्यानं नीट बसलेला मास्क झोपल्यावर सरकतो. नाक चोंदतं आणि आंबट पाणी येतं, हे दोन्ही सांग. पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट दाखव.

घरी जेवण आठच्या आत. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेव, नुसती उशी वाढवून मान मोडू नकोस. डाव्या कुशीवर झोप, म्हणजे जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. संध्याकाळी बातम्या बघताना तासभर मास्क लावून बस, जागेपणी सवय झाली की रात्री घाबरून हवा गिळणं कमी होतं. तंबाखू मळणं बंद. ते का, हे तुझ्या थुंकीला विचार. आणि छातीत दुखलं, पोट दगडासारखं झालं किंवा उलटी थांबेना, तर वाराच असेल म्हणून ओवा चघळत बसायचं नाही, तडक दवाखाना.

काय म्हणालास? उद्या बस आहे? नाही. मशीन नीट लागून, दिवसा झोप येणं थांबलंय असं डॉक्टर म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस. मालकाशी मी दुपारीच बोललेय. तुझ्या मेव्हण्याकडं लायसन आहे, तो सहा वाजता येईल, किल्ली त्याच्याकडं दे.