धाव्याचा वेग

धावणं किती मंद असू शकतं? भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वेग सेकंदांत मोजतात, तिथे हा प्रश्न फिजूल वाटेल. पण याच पट्ट्याच्या शेजारून तुकोबांची पालखी जाते, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. आणि वारीत चालण्याइतकाच धाव्यालाही मान आहे. माउलींच्या सोहळ्यात वेळापूरजवळच्या उतारावर दिंड्या धावत सुटतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला नि ते धावले, अशी श्रद्धा. त्या गर्दीत डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलून निघालेली म्हातारी असते. भरभर चालणारा तरुण तिला सहज मागे टाकील. मग ती धावतेय का?

शरीरशास्त्र म्हणतं, दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटले तर धावणं. चालण्याच्या शर्यतीत तसं दिसलं तर पंच तो दोष धरतात. या कसोटीत वेग येतच नाही. जागच्या जागी धावणाऱ्याचा वेग तर शून्य. म्हातारीचे पाय मात्र सुटत नाहीत. मग भाव पाहून कशालाही धावणं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे; शब्द इतका सैल केला तर तो निकामी होईल. म्हणून मी भाव नाही, श्वास पाहतो. याच बाईने पहाटेपासून कैक मैल एका लयीत कापलेत. आता ती लय मोडली आहे, धाप लागली आहे. हे पाऊल तिला मुक्कामापर्यंत पुरणारं नाही. तिच्या चालण्याच्या मानाने हे धावणंच.