ऐकणे म्हणजे मान्य करणे का?

पावसात दारी आलेल्या माणसाला आधी घरात घ्यावे, मग काम विचारावे, ही आमच्या लोंढ्याकडची रीत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका पावसाळी संध्याकाळी आमच्या मंडळीतील एक भगिनी माझ्याकडे आली. तिचा नवरा दारू पितो हे सर्वांना ठाऊक होते. ती म्हणाली, "मास्तर, प्रार्थना करा. घरात शांती नाही." मी तिला घरात घेतले खरे, पण तिचे बोलणे उंबरठ्याबाहेरच राहिले. तिची दोन वाक्ये होतात न होतात तोच मी पवित्र शास्त्र उघडले. सोशिकपणाविषयीची वचने वाचली, पत्नीच्या कर्तव्याविषयी चार शब्द सांगितले आणि प्रार्थना केली. निघताना ती हळूच म्हणाली, "माझ्यामागं लेकरांना कोण बघणार?" मी तत्काळ उत्तर दिले की, देव अनाथांचा पिता आहे.

चहाचे कप उचलायला आलेल्या माझ्या पत्नीनेही तेच वाक्य ऐकले. ती त्या भगिनीला स्वयंपाकघरात घेऊन गेली, पाटावर बसवले आणि एवढेच म्हणाली, "असं का म्हणतीस गं? कुठं चाललीस?" मग दोन तास ती भगिनी बोलत होती. रोजचा मार, माहेरी तोंड दाखवण्याची लाज आणि जीव द्यावा असा मनात ठाण मांडून बसलेला विचार, हे सारे तिने तेथे सांगितले. हे सांगण्यासाठीच ती माझ्याकडे आली होती. ईश्वरविज्ञानाची पदविका माझ्याजवळ होती. माझ्या पत्नीजवळ नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी खोटे काही बोललो नव्हतो. वचने खरी होती, प्रार्थनाही मनापासून केली होती. मग माझे चुकले कोठे? आणि दुसराही प्रश्न होता. नुसते ऐकून घेणे पुरेसे आहे काय? चूक ते चूक असे न सांगणारा उपदेशक आपले कर्तव्य टाळत नाही काय?

हाच प्रश्न घेऊन आयुष्यभर काम केलेला एक मनुष्य अमेरिकेत होऊन गेला. कार्ल रॉजर्स हे त्याचे नाव. शिकागोजवळच्या ओक पार्क येथे 1902 साली एका कडक प्रॉटेस्टंट घराण्यात त्याचा जन्म झाला. 1922 साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी तो चीनला गेला, आणि पुढे पाळकपणाचे शिक्षण घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत दाखल झाला. दोन वर्षांनी मात्र त्याने ती वाट सोडून मानसशास्त्राची वाट धरली. त्यानंतर तो मंडळीपासूनही दूर गेला, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु विहीर कोणी खणली एवढ्यावरून पाणी गोड की खारे हे ठरत नाही.

रोचेस्टर शहरात बालकांसाठी काम करीत असतानाचा एक प्रसंग रॉजर्सने लिहून ठेवला आहे. एक आई आपल्या द्वाड मुलाविषयी त्याच्याकडे येत असे. दोष मुलाचा नसून आईने त्याला लहानपणी झिडकारले त्याचा आहे, असे त्याचे निदान होते. तो तिला ते परोपरीने सुचवीत राहिला. पण काही उपयोग झाला नाही. शेवटी त्याने कबूल केले की, आपण दोघांनी पुष्कळ प्रयत्न केला, आता थांबावे हे बरे. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले की, येथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते काय? मग परत खुर्चीवर बसून तिने आपल्या मोडत चाललेल्या संसाराचे दुःख सांगितले. इतक्या भेटींत जे निघाले नव्हते ते आता निघाले, आणि पुढे तिचे व मुलाचे दोघांचेही बरे झाले. रॉजर्स त्यातून हे शिकला की, कोठे दुखते आणि कोणत्या वाटेने जावे लागेल हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

या शिकवणीला पुढे व्यक्तिकेंद्री समुपदेशन हे नाव मिळाले. 1951 च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच त्याने 'रोगी' या शब्दाऐवजी 'क्लायंट' हा शब्द वापरला. 1957 साली त्याने मनुष्यात पालट घडून येण्यास कोणत्या गोष्टी अवश्य आहेत ते मांडले. त्यांपैकी समुपदेशकाच्या वृत्तीविषयीच्या तीन गोष्टी विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली, खरेपणा. आत एक आणि बाहेर एक असे त्याने असू नये. दुसरी, विनाअट आदर. 'तू सुधारलास तर मी तुला मान देईन' असा सौदा त्याने करू नये. तिसरी, समानुभूती. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहावे, पण आपण आपणच आहोत हे विसरू नये.

कृतीत हे कसे दिसते? कोणी म्हणाले, "मला प्रार्थना करावीशीच वाटत नाही," तर आपण म्हणतो, "असे म्हणू नये, विश्वास ठेवा." व्यक्तिकेंद्री समुपदेशक म्हणेल, "देव फार दूर गेला असे तुम्हांला वाटते, असेच ना?" म्हणजे ऐकले ते आपल्या शब्दांत परत मांडायचे आणि बरोबर समजलो की नाही हे त्यालाच विचारायचे. कदाचित तो म्हणेल, "दूर नाही. माझा त्याच्यावर राग आहे." मग खरे बोलणे सुरू होते. पहिल्या उत्तराने हे दार बंद झाले असते.

आता कोणी विचारील, हे पापाला पाठीशी घालणे नव्हे काय? नव्हे. मनुष्याचा स्वीकार आणि त्याच्या कृत्याला मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात त्या स्त्रीला प्रभूने दोन गोष्टी सांगितल्या. त्यांचा क्रम पाहा. आधी, मी तुला दोषी ठरवीत नाही; मग, यापुढे पाप करू नको. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो. 'आधी सुधार, मग जवळ ये' हे आपले शुभवर्तमान! अम्माऊसच्या वाटेवरही प्रभूने शास्त्र उलगडून सांगितले, पण आधी त्या दोघांना विचारून त्यांच्या तोंडून सारी हकीकत ऐकली, आणि ती हकीकत तर त्याला त्यांच्याहून अधिक ठाऊक होती! ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून उत्तरे देऊ लागले, आणि शेवटी देवाचा कोप ओढवून बसले.

मग आपण उत्तर देण्याची एवढी घाई का करतो? मी स्वतःची झडती घेतली तेव्हा आढळले की, त्या भगिनीचे दुःख मला सोसवत नव्हते. माझी वचने तिच्यासाठी नव्हती. ती माझ्या अस्वस्थतेवरचे पांघरूण होती.

असे असले तरी रॉजर्सचे सर्वच आपण जसेच्या तसे घ्यावे असे नाही. तो लहानपणची एक आठवण सांगे. हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेल्या बटाट्यांना कोंब फुटत आणि ते फिकट, लांबलचक कोंब वरच्या लहानशा खिडकीच्या उजेडाकडे वाढत जात. जिवंत वस्तू कितीही कोंडली तरी वाढीची धडपड सोडत नाही, असा त्याचा विश्वास होता. आपल्या बेळगाव भागात बटाटा पिकतो, तेव्हा हे आपण घरी पाहिले आहे. मी त्यात एवढेच जोडीन की, ते कोंब पांढरेफटक असतात. वाढीची ओढ बटाट्यात आहे, पण उजेड बटाट्यात नाही. तो खिडकीतून येतो. मार्टिन बूबर या यहूदी तत्त्वज्ञाशी 1957 साली मिशिगन विद्यापीठात रॉजर्सचे जाहीर संभाषण झाले, तेव्हा बूबरनेही असाच मुद्दा काढला होता. मनुष्य आज आहे तसा स्वीकारावा, परंतु तो जो होऊ शकतो त्यासाठी कधी कधी त्याच्याशी झगडावेही लागते. हे मला पटते. मात्र ज्याला आपण घरात घेतलेच नाही त्याच्याशी झगडण्याचा अधिकार आपणांस नाही.

आणखी दोन गोष्टी मंडळीसाठी सांगणे अगत्याचे आहे. पहिली, ऐकणे ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. जेथे मारहाण आहे किंवा जिवाचा धोका आहे तेथे नुसते मान डोलावणे हा अपराध होईल. त्या भगिनीला आम्ही एकटी सोडले नाही. त्या रात्री ती लेकरांसह आमच्याकडे राहिली, पुढे तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, आणि डॉक्टरांचे औषधही तिने घेतले. आपल्याकडून धारवाडची मानसिक आरोग्य संस्था रेल्वेने जाण्याजोगी आहे. सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवाही 2022 पासून आहे; तिचा क्रमांक 14416. तेथे फोन करणे म्हणजे विश्वास कमी पडला असे नव्हे.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. कोणी आपल्याजवळ मन मोकळे केले की आठवड्याच्या आत ते 'प्रार्थनेचा विषय' म्हणून घरोघर पोहोचते. दुसऱ्याची लाज प्रार्थनेच्या नावाने वाटणे ही चहाडीच आहे. त्या भगिनीची हकीकत मी येथे लिहिली ती तिला विचारून. ती आज दुसऱ्या गावी शिवणकाम करून लेकरांना वाढवीत आहे. ती म्हणाली, "लिहा मास्तर. पण वैनींनी काय केलं ते आधी लिहा."

बंधुभगिनींनो, वैनीने काय केले? तिने पाट मांडला आणि एक प्रश्न विचारून ती गप्प राहिली. पुढच्या वेळी कोणी आपल्या दारी येईल तेव्हा वचन आपल्या ओठांवर तयारच असेल. ते थोडे थांबवून धरू या. देवाचे वचन थांबल्याने शिळे होत नाही. पण आलेला मनुष्य एकदा परत गेला की पुन्हा येईलच असे नाही.