आधी पाय, मग पाटी

जूनच्या मध्यावर डोंबिवलीतल्या कुठल्याही बालवर्गाच्या दाराशी थोडा वेळ उभं राहून पाहावं. रेनकोटातलं तीन-साडेतीन वर्षांचं मूल आजीचा पदर सोडत नाही. आई केव्हाच लोकल पकडून मुंबईकडे निघालेली असते. रडण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण मुलाच्या अंगाकडे पाहिलं तर जास्त कळतं. खांदे कानांपर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या, एक पाय उंबऱ्यापाशी थबकलेला. या वयात भीती सांगता येत नाही, ती अंगात उतरते. म्हणून तिच्यावरचा इलाजही अंगाच्या वाटेनेच करावा लागतो.

या इलाजासाठी ‘किनेसिऑलॉजी’ हा शब्द हल्ली पालकांच्या वाचनात येतो. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. एक म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र. ते भक्कम आहे. दुसरी म्हणजे १९६४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज गुडहार्ट यांनी सुरू केलेली पद्धत. हात पुढे धरायला सांगायचा, तो दाबून पाहायचा आणि स्नायूने किती जोर धरला यावरून शरीरात कुठे बिघाड आहे ते सांगायचं. पुढे हीच तपासणी मनातली भीती ओळखण्यासाठीही वापरली जाऊ लागली. तपासणाऱ्याला उत्तर आधीपासून माहीत नसेल अशी काळजी घेऊन चाचण्या झाल्या, तेव्हा या पद्धतीचे निकाल निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरले नाहीत. किनेसिऑलॉजीच्याच नावाने येणारे, पॉल डेनिसन यांच्या ‘ब्रेन जिम’मधले व्यायाम मुलांना आवडतात, जरूर करावेत, पण त्यांनी मेंदूचे दोन भाग जोडले जाऊन वाचन सुधारतं, या दाव्याला पुरावा मिळालेला नाही. घाबरलेल्या मुलाचा दंड दाबून त्याच्या मनातलं ओळखतो असं कुणी म्हणालं, तर त्याला पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं तर मुलाची शाळेची भीती अंगाच्या वाटेने घालवायला परदेशी नावाची गरजच नव्हती. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आज पालघरमध्ये गेलेल्या बोर्डीला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी माँटेसरी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघी वस्तीतल्या अंगणात गेल्या. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायची, म्हणून कुरणशाळा निघाली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असायचं. तिला शाळेत बोलवायचं तर त्या धाकट्याचीही सोय हवी. म्हणून तिथल्या ‘विकासवाडी’ या संकुलात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. मला हे फार मोलाचं वाटतं. पाळण्यातून बालवाडीत आणि तिथून पहिलीत जाणाऱ्या मुलाला ‘आज आपण परक्या जागी आलो’ असा दिवसच उगवत नव्हता. शाळेत जाण्याचा धक्का त्यांनी समजावून कमी केला नाही, व्यवस्थाच अशी लावली की धक्का बसू नये.

आज कल्याण-डोंबिवलीत अंगणच उरलेलं नाही. इमारतीखाली गाड्या, फूटपाथवर दुकानं. डोंबिवलीचं भागशाळा मैदान किंवा कल्याणचं सुभाष मैदान जवळ असेल त्याचं नशीब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. इथे मूल घरातून रिक्षात, रिक्षातून बाकावर आणि बाकावरून पुन्हा रिक्षात जातं. त्यातच ज्युनिअर केजीत दुरेघी वही पुढे येते. मनगटाची आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात, वयानुसार एकेक पक्की होत जातात. सहाव्या वर्षीही सगळी झालेली नसतात. मुठीत पेन्सिल धरून, जीभ बाहेर काढून, अख्ख्या खांद्याने ‘अ’ गिरवणारं मूल पाहिलं की माझा जीव कळवळतो. ते आळशी नसतं, त्याचा हात अजून तयार व्हायचा असतो.

तो तयार होतो कणीक तिंबताना, मटार सोलताना, ओलं फडकं पिळताना. पाय तयार होतात जिना स्वतः चढताना, फुगडी घालताना, लंगडी खेळताना. शाळा सुरू होण्याआधी आठवडाभर आजोबांचं बोट धरून शाळेच्या रस्त्याने चालत जाऊन आलेल्या मुलाच्या पायांना ती वाट ओळखीची झालेली असते. राज्य शासनाच्या शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांत उड्या मारणं, वस्तूंची वर्गवारी करणं अशाच गोष्टी घेतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं २०२४ मध्ये ठरलं, तेही मुलांच्या झोपेचा विचार करून. दिशा बरोबर आहे. अडतं ते आपल्या, पालकांच्या घाईपाशी. शेजारच्या मुलीला शंभरपर्यंत अंक येतात म्हटल्यावर आपलाही धीर सुटतो.

म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी शाळेत दोनच प्रश्न विचारा. मूल दिवसातून किती वेळ वर्गाबाहेर मोकळं खेळणार? आणि पहिले काही दिवस आजीला किंवा आईला वर्गात बसू देणार का? एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड यांची चौकशी नंतर करा. या दोन प्रश्नांना टाळाटाळीची उत्तरं मिळाली, तर शाळा कितीही नावाजलेली असो, दुसरी पाहा.