नाबोथाचा मळा आणि टोपलीभर माती

कायद्याने मिळालेली वस्तू न्यायानेही मिळालेली असतेच असे नाही, हे आपण सारे जाणतो. प्रश्न त्यापुढचा आहे. ज्याच्या हाती निकालपत्र आहे त्याला हे कोणी सांगावे, आणि कोणत्या भाषेत?

मराठी घरात जन्मलेले आणि रायपुरास आपली कर्मभूमी मानणारे माधवराव सप्रे (1871-1926) यांनी या प्रश्नाला हिंदीत उत्तर दिले. पेंड्रा येथून 1900 साली त्यांनी 'छत्तीसगड मित्र' हे मासिक सुरू केले व पुढच्याच वर्षी त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी कथा छापली. हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे आहे. आड येते ती एका विधवेची झोपडी. तो वकिलांना पैसे चारतो आणि न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी निमूटपणे बाहेर पडते. पण तिची लहानगी नात अन्नाला शिवत नाही, आपल्या घरीच जेवीन म्हणून हट्ट धरते. म्हणून आजी टोपली घेऊन परत येते. तिथली माती नेऊन चूल घालावी, तिच्यावर भाकरी भाजावी, मग पोर खाईल, एवढीच तिची आशा. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपलीला हात लावण्याची विनंती करते. त्याच्याने ती उचलवत नाही. एका टोपलीची ही गत, तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा वाहाल, असे ती विचारते. जमीनदार खजील होऊन झोपडी परत देतो.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला येथे इज्रेलचा नाबोथ आठवल्यावाचून राहणार नाही (1 राजे 21). तेथेही राजवाड्यालगतचा मळा आहे आणि राजाला तेथे भाजीपाला लावायचा आहे. ईजबेलीने तो मळा उघडउघड लुटला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राजमुद्रेची पत्रे गेली, उपास जाहीर झाला, गावचे वडीलजन जमले, नियमशास्त्राला हवे तसे दोन साक्षीदार उभे राहिले. कागदोपत्री त्या खटल्यात उणीव काढायला जागा नव्हती. आरोप होता देवाच्या व राजाच्या निंदेचा. मूळ इब्रीत तर तेथे 'शाप' हा शब्दच नाही. 'आशीर्वाद देणे' हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ उलटा घ्यायचा असतो. भाषांतर करताना मी या ओळीपाशी दरवेळी थबकतो. पत्रातला शब्द सोवळा राखला गेला, आणि माणूस मात्र गावाबाहेर नेऊन दगडांनी ठार मारला गेला.

अहाबाने मळ्याचे मोल देऊ केले होते. त्याहून चांगला मळाही देऊ केला होता. नाबोथ अडला तो 'नहला' या शब्दावर. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी 'वतन' हा शब्द रूढ आहे. मराठी कानाला वतन म्हणताच पाटीलकी आणि मानपान आठवतात. नहला मात्र परमेश्वराने कुळाच्या हाती सोपवलेली भूमी होय, आणि कूळ तिचे केवळ राखणदार. सप्र्यांच्या म्हातारीला हा शब्द ठाऊक नव्हता, पण चुलीसाठी तिला तीच माती हवी होती.

पुढे सप्रे स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडले. नागपूरहून 1907 पासून ते 'हिंदी केसरी' काढीत होते. जुलै 1908 मध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. कायद्याचे पदवीधर असलेल्या टिळकांनी आपली बाजू स्वतःच मांडली आणि आपल्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे सदोष असल्याचे ज्युरीला परोपरीने दाखवले. तरीही सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. साताऱ्याची वकिली सोडून आलेले व पुढे कादंबरीकार झालेले न. चिं. केळकर यांनाही त्या खटल्यासंबंधीच्या लेखनापायी न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये सप्र्यांना अटक झाली. काही महिन्यांनी क्षमापत्र लिहून देऊन ते सुटले. घरच्यांच्या दडपणामुळे त्यांनी तसे केले, असे सांगितले जाते.

माझ्या मते ते क्षमापत्र द्यायला नको होते. लेखकाने शब्द मागे घेतला की तो ज्यांनी विश्वासाने वाचला ते उघड्यावर पडतात. पण लेखक डगमगला म्हणून त्याची कथा खोटी ठरते काय? पेत्राने अंगणात प्रभूला नाकारले, म्हणून कर्नेल्याच्या घरची त्याची साक्ष आपण बाजूला सारीत नाही. सप्रे सुटल्यावर रामदासी साधकांच्या सहवासात राहिले, भिक्षेवर जगले, त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' (1915) टिळकांच्या हयातीतच हिंदीत आले, तेही सप्र्यांच्याच लेखणीतून. क्षमा न मागणाऱ्याचा कर्तव्यावरील ग्रंथ क्षमा मागणाऱ्याने शब्दाशब्दाने उतरवला! भिक्षेने पाप फिटते असे आपण मानीत नाही. क्षमा कृपेनेच होते. तरी पश्चात्तापाला हातांचे काम लागते, हे जक्कयाला कळले होते.

कथेच्या शेवटाशी मात्र माझे पुरते जुळत नाही. जमीनदाराचे मन द्रवले नसते तर? अहाबानेही गोणपाट नेसले, त्यामुळे शिक्षा पुढे ढकलली गेली. पण मळा परत दिल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही, आणि नाबोथाच्या मुलांचेही रक्त सांडल्याचे आपण पुढे वाचतो (2 राजे 9:26). दुर्बळाने बलवानाच्या द्रवण्याची वाट किती काळ पाहावी? म्हणून कायदा हवाच, आणि तो वाचणाराही हवा.

जानेवारी 2025 मध्ये याच छत्तीसगडात, बस्तर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती पाळकाचा मृतदेह सुमारे तीन आठवडे शवागारात पडून होता. गावात दफन करण्यास विरोध झाला होता. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन न्यायाधीशांपैकी एकांच्या मते कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाची मुभा द्यावयास हवी होती. दुसऱ्यांच्या मते नेमलेल्या दफनभूमीतच दफन व्हावयास हवे होते. अधिक विलंब नको म्हणून, मतभेद ठेवूनच, दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश 27 जानेवारीस निघाला. दोघांनीही एकच संविधान वाचले होते. मुलाने मागितली होती ती आपल्या गावची माती.