आधी बरे केले, मग जेवू घातले



आज आपण ख्रिस्ताच्या परमपवित्र शरीराचा व रक्ताचा सण साजरा करीत आहोत. शुभवर्तमान संत लूकचे आहे. पाच भाकरी, दोन मासे आणि पाच हजार पुरुष. हा उतारा आपल्याला इतका पाठ आहे की वाचन सुरू होताच कान भाकरीकडे लागतात आणि पहिले वाक्य निसटून जाते. त्या वाक्यात लूक सांगतो की येशूने लोकांना देवाच्या राज्याविषयी सांगितले आणि ज्यांना बरे होण्याची गरज होती त्यांना बरे केले. भाकरीची गोष्ट त्यानंतर येते. दिवस कलतो आणि बारा शिष्य येऊन सुचवतात की लोकांना आता पाठवून द्यावे, आसपासच्या गावांत ते आपली सोय पाहतील.

हे बारा जण नुकतेच कुठून आले होते? याच अध्यायाच्या सुरुवातीला येशूने त्यांना आजार बरे करण्याचा अधिकार देऊन गावोगाव धाडले होते. ते काम त्यांना चांगले जमले होते. पण बरा झालेला माणूस रात्री काय खाणार, हा प्रश्न आपला आहे असे त्यांना वाटले नाही. येशूने तो त्यांच्याच पदरात टाकला. तुम्हीच त्यांना खायला द्या, असे त्याने सांगितले. एक अध्याय मागे जा. याईराची मुलगी मरणातून उठते, सगळे थक्क होऊन उभे आहेत आणि येशू सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. लूक वैद्य होता. असल्या गोष्टी त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

आज आपण हे क्षयरोगाच्या संदर्भात समजून घेऊ. सणाच्या दिवशी टीबीचे नाव कशाला, असे कुणाला वाटेल. पण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतही चाळी आहेत, वीटभट्ट्या आहेत, आणि चांगली बांधलेली घरेही आहेत जिथे हे नाव उच्चारताना खिडकी लावली जाते. मुलीचे लग्न व्हायचे असते. मग डॉक्टर लांबच्या गावातला गाठला जातो आणि शेजाऱ्यांना ‘जुना खोकला’ सांगितला जातो.

हा आजार संतांनाही चुकला नाही. बाळ येशूची संत तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी लिझ्यूच्या मठात क्षयानेच देवाघरी गेली. वय अवघे २४. त्याआधी १५ वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. शत्रू कोण ते कळले होते, पण हातात शस्त्र नव्हते. ते यायला १९४३ साल उजाडले. अमेरिकेत रटगर्स येथील वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. आज ज्या रिफॅम्पिसिन गोळीवर क्षयाचा उपचार उभा आहे, तिचे मूळही मातीतच आहे. १९५७ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सां राफाएल या भागातून आणलेल्या मातीत तो सूक्ष्मजीव मिळाला. राफाएल म्हणजे ‘देव बरे करतो’. बेनसिराच्या पुस्तकात वैद्याचा मान राखा, परमेश्वराने औषधे भूमीतून निर्माण केली आहेत, असा उपदेश आहे. नोव्हेना सुरू केली म्हणून गोळ्या थांबवणाऱ्यांनी तो ३८वा अध्याय काढून वाचावा.

औषध आले, पण ते द्यायचे कुठे? त्या काळी समजूत अशी होती की क्षयरुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवावे, तिथे मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी. भारतात रुग्ण लाखोंनी आणि खाटा हजारांनी. म्हणून १९५६ साली मद्रासच्या चेतपेट भागात एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारले. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांबरोबर आपले भारतीय डॉक्टर होते. त्यांनी शहरातील गरीब वस्त्यांतले रुग्ण घेतले आणि चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषध दोघांना तेच, एक वर्षभर.

घरी राहिलेल्यांची स्थिती काय होती? एका खोलीत सारे कुटुंब, जेवण निकृष्ट, आणि बरे वाटू लागताच काम. सॅनेटोरियममधल्यांना चांगले अन्न आणि पूर्ण विश्रांती. तरी १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. धोका मुख्यतः औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांतला असतो. औषध सुरू झाले की बहुतेकांचा संसर्ग लवकरच ओसरतो. या एका अभ्यासाने जगभरच्या सॅनेटोरियमचे दरवाजे हळूहळू बंद झाले. आजारी माणूस बायकामुलांपासून वर्ष वर्ष दूर न राहता आपल्या घरात, आपल्या खाटेवर बरा होऊ शकतो, हे मद्रासच्या गरिबांनी जगाला दाखवून दिले. तरीही आपल्यातल्या काही घरांत त्याचे ताट-पेला अजून वेगळा ठेवतात! क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही.

मात्र या चांगल्या निकालाचा एक अर्थ घाईने काढला गेला. निकृष्ट जेवूनही रुग्ण बरे झाले, म्हणजे अन्नाचे काही महत्त्व नाही, गोळ्या पुरेत. खरे तर मद्रासच्या डॉक्टरांनी एवढाच प्रश्न विचारला होता की घरी दिलेले औषध काम करते का. उपाशी माणूस मुळात आजारी का पडतो, उपचार घेता घेता काही जण का मरतात, घरातला दुसरा का अंथरूण धरतो, हे त्यांनी विचारलेच नव्हते. पुढे कित्येक वर्षे आपल्या दवाखान्यांतून गोळ्यांची पाकिटे मिळत राहिली आणि माणूस रिकाम्या चुलीकडे परत जात राहिला. बारा शिष्यांचा सल्ला तोच होता. बरे केले ना, आता जाऊ द्या.

राहून गेलेला हा प्रश्न डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव या दांपत्याने हाती घेतला. चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यांच्यासोबत होती. ही संस्था म्हणजे चेतपेटच्या त्या जुन्या केंद्राचेच आजचे रूप. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत काम चालले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसे. त्यांतले दोन-तृतीयांश संथाळ, हो, मुंडा, उरांव अशा आदिवासी समाजांतले. रुग्णांपैकी पाचांत चाराहून अधिक कुपोषित.

प्रत्येक रुग्णाला औषधांबरोबर दरमहा १० किलोचा शिधा मिळाला. फरक घरच्यांत होता. एका गटात घरच्यांना काही दिले नाही. दुसऱ्या गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सहा महिने दिल्या. यात नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. आपल्या रेशनच्या दुकानात मिळते तेच.

निकाल २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या घरांत फक्त रुग्णाला शिधा होता तिथे सुमारे ४,७०० माणसांपैकी १२२ जणांना पुढे क्षय झाला. जिथे साऱ्या घराला शिधा होता तिथे ५,६२१ पैकी ९६ जणांना. शास्त्रीय हिशेबाने क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि थुंकीतून पसरणारा फुप्फुसाचा क्षय जवळजवळ निम्म्याने. स्वतः रुग्णांच्या बाबतीत असे दिसले की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. ४० किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे २ किलो! कोणत्याही आईला विचारा, २ किलो वजन भरायला काय लागते.

लसीबद्दलही लोक विचारतात. बीसीजी १९२१ पासून आहे. ती लहान बाळांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, म्हणून ती टोचून घ्यायलाच हवी. पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग होत नाही, हे १९६८ साली तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. एका नव्या लसीची मोठी चाचणी २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. अशा कामाला वर्षे लागतात आणि त्या संशोधकांसाठी आपण प्रार्थना करू. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठीही पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार आणि कान निकामी करणारी इंजेक्शने होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सहा महिन्यांच्या गोळ्यांची पद्धत मान्य केली. हे सारे देवाचे देणे आहे. तरीही झारखंडमध्ये जे सापडले ते हातात घ्यायला आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आता आजच्या दुसऱ्या वाचनाकडे वळू. संत पौल करिंथकरांना शेवटच्या भोजनाची आठवण देतो. आपण वाचतो तो भाग सुंदर आहे, पण त्याच्या मागचा-पुढचा भाग वाचनात येत नाही. मागे पौल त्यांच्यावर संतापला आहे. प्रभुभोजनासाठी एकत्र जमता आणि एक जण भुकेला राहतो, दुसरा पिऊन तर्र होतो. पुढे तो म्हणतो की म्हणूनच तुमच्यात पुष्कळ जण दुर्बल आणि आजारी आहेत आणि काही मरणही पावले आहेत. हे वचन आजारी माणसाच्या अंगावर फेकण्यासाठी वापरले गेले आहे, जणू त्याचा आजार ही त्याच्या पापाची शिक्षा. पण पौल एकट्या रोग्याशी बोलत नाही. तो सबंध मंडळीशी बोलतो, आणि विशेषतः त्यांच्याशी ज्यांचे पोट भरलेले आहे. एका भाकरीत सहभागी होणारे आपण एक शरीर आहोत. मग शरीराचा एक अवयव उपाशी राहून खंगतो तेव्हा दोष कुणाच्या माथी येतो, हे आज ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभे राहताना प्रत्येकाने आपल्याशी ताडून पाहावे.

आता थोडे व्यवहाराचे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, यांपैकी काही असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट उपचारातूनच औषधांना न जुमानणारा क्षय तयार होतो. घरात रुग्ण असेल तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे, त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्या आहेत. रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. पूर्वी ५०० मिळत होते. ही रक्कम खात्यावर येते, तेव्हा खाते नसेल तर उघडून द्यायला आपले तरुण मदत करतील. याशिवाय ‘निक्षय मित्र’ म्हणून २०२२ पासून कुणीही व्यक्ती किंवा संस्था रुग्णांच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. २०२४ मध्ये त्यात रुग्णाच्या घरच्यांचाही समावेश झाला.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आपल्याकडे गरजू घरांना धान्य देतातच. पाच मोठ्या माणसांच्या घराचा झारखंडच्या मापाने हिशेब केला तर रुग्णाचे १० किलो आणि उरलेल्या चौघांचे २६ किलो, म्हणजे महिन्याला ३६ किलो. सहा महिन्यांचे २१६ किलो. एका वाडीने एक घर घेतले तर दर घरामागे मूठ-पसाच पडेल. ज्यांना गरज आहे त्यांनी, किंवा त्यांच्या वतीने शेजाऱ्यांनी, मिस्सानंतर सोसायटीच्या सभासदांना अथवा फादरांना एकांतात भेटावे. नावे वेदीवरून वाचली जाणार नाहीत आणि या पत्रिकेतही छापली जाणार नाहीत. पिशवी संध्याकाळी घरपोच येईल.