चालू होतं, पण उघडत नाही

नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात कयाधू नदीच्या काठानं फिरताना एखाद्या विहिरीवर अजूनही जुनं किर्लोस्कर इंजिन दिसतं. लाइट असली तर मोटार, नसली तर हँडल मारायचं. रिंगा आणि नोझल बदलून देणारा मिस्त्री जवळच सापडतो आणि चाळीस वर्षांचं इंजिन मुकाट्यानं पाणी ओढतं. त्याच घरात पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला कॉम्प्युटर मात्र चादरीखाली झाकलेला असतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालू होतो, पण काही उघडत नाही.’

मला हे उत्तर फार नेमकं वाटतं. इंजिन टिकलं, कारण विहिरीतलं पाणी बदललं नाही. कॉम्प्युटरचं तसं झालं नाही. त्याची चिप झिजलेली नसते. तो ज्यातून ओढायचा ते पाणीच बदललेलं असतं. म्हणून ‘जुना झाला’ हे त्याचं निदान चुकीचं आहे. त्याच्याशी बोलणं आपण थांबवलं, असं म्हणायला हवं.

पॉवरपीसी या चिपच्या गोष्टीत हे स्वच्छ दिसतं. ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला १९९१ मध्ये एकत्र आले आणि मार्च १९९४ मध्ये ही चिप असलेले पहिले पॉवर मॅकिंटॉश संगणक बाजारात उतरले. (त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठाला आपण अजून तरुणच समजतो.) जून २००५ मध्ये ॲपलनं इंटेलच्या चिपांकडे जात असल्याचं जाहीर केलं आणि २००९ च्या ‘स्नो लेपर्ड’ या मॅक प्रणालीपासून पॉवरपीसीला दार बंद झालं. २०१७ मध्ये डेबियन लिनक्सनंही ३२ बिटी पॉवरपीसीला अधिकृत यादीतून वगळलं.

तरीही ही यंत्रं चालवणारे लोक राहिले. फायरफॉक्स ब्राउझरनं चौथ्या आवृत्तीपासून पॉवरपीसी मॅकची साथ सोडली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅमरन कायझर यांनी त्याची ‘टेनफोरफॉक्स’ नावाची आवृत्ती काढली आणि २०१० ते २०२१ अशी सुमारे अकरा वर्षं सांभाळली. गृहस्थ पेशानं डॉक्टर! काम सोपं नव्हतं. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी घेतो आणि वीस नंतर. इंग्रजीत नेमकं उलटं. चिपांमध्येही असाच भेद असतो. इंटेल आकड्याचं लहान टोक आधी साठवतं, पॉवरपीसी मॅक मोठं. सगळं जग इंटेलच्या सवयीनं लिहू लागलं की दुसऱ्या बाजूच्या माणसाला ओळ न ओळ तपासावी लागते.

यंत्र मुकं होण्याची कारणं कधी याहून क्षुल्लक असतात. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि मग प्रत्येक वेबसाइटचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र खोटं ठरतं. किरकोळ किमतीच्या सेलपायी अख्खा संच अडगळीत! ३० सप्टेंबर २०२१ ला तर घड्याळ बरोबर असलेली यंत्रंही अडली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेनं वेबसाइटना दिलेली प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर विसंबून होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नवं मूळ प्रमाणपत्र ज्यांच्या पोटात नव्हतं, त्यांना असंख्य साइट एकाएकी अनोळखी झाल्या. यावर जाणकारांची युक्ती अशी, की मध्ये एक नवं छोटं यंत्र ठेवायचं. त्यानं बाहेरची सांकेतिक बोली उलगडायची आणि जुन्या यंत्राला साधा मजकूर द्यायचा. पूर्वी गावात आलेलं पत्र एक जण वाचून दाखवायचा, तसंच हे.

जुनी चिप म्हणजे जुनं सॉफ्टवेअर, असंही नाही. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीत पॉवरपीसी घराण्यातलीच, किरणोत्साराला टिकणारी चिप आहे. गाडी २०१२ मध्ये उतरली आणि एप्रिल २०२३ मध्ये नासानं तिच्यावर १८० बदल असलेलं नवं सॉफ्टवेअर चढवलं. तिथं शोरूम नाही, म्हणून दुरुस्ती सुचते.

पण हौशी मंडळींची एक गोष्ट मला पटत नाही. जुनं यंत्र ओढूनताणून इंटरनेटवर आणण्यातच ते सार्थक मानतात. भरपूर वीज खाणारा पॉवर मॅक जी५ बातम्या वाचायला लावण्यापेक्षा पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय हा संगणक बरा. आणि ज्या यंत्राला सुरक्षेचे बदल मिळत नाहीत, त्यावर बँकेचा पासवर्ड टाकणं हा शहाणपणा नव्हे. तालुक्याच्या सेवा केंद्रात बसणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेनात. त्यांवर लिनक्स झकास चालतं, पण अंगठा घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतं. त्या माणसाला लिनक्सवर प्रवचन देऊन काय उपयोग?

मग जुनं यंत्र जपायचं कुठे? माझ्या मते, एखादा मजकूर जिथे फक्त तेच यंत्र वाचू शकतं, तिथे. मराठीत अशी जागा फार मोठी आहे.

१९८५ मध्ये मॅकिंटॉश, लेझर प्रिंटर आणि पानं मांडणारं पेजमेकर हे सॉफ्टवेअर, या त्रिकुटानं डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, जन्माला घातलं. आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही मराठी फॉन्टांची सॉफ्टवेअरं आली, खिळे जुळवण्याचं काम संपलं आणि छापखाने पडद्यावर गेले. हदगावसारख्या गावांत ही विद्या आली ती जोडणी केलेल्या विंडोज संचांवर. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, सोसायटीचे अहवाल, गावच्या कवीचा स्वखर्चानं काढलेला संग्रह, सगळं पेजमेकरात. पण त्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या घरात भाड्यानं राहत होती आणि प्रत्येक कंपनीची घरवाटणी निराळी. फॉन्ट नसेल तर ‘शुभविवाह’च्या जागी कंस, चिन्हं आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पेजमेकरची शेवटची सातवी आवृत्ती २००१ ची. ती मॅकच्या नव्या प्रणालीसाठी कधी झालीच नाही, त्यामुळे मॅकवर केलेली त्यातली पानं जशीच्या तशी उघडायला पॉवरपीसी किंवा त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअरच लागतं. विंडोजवर अडतं ते फॉन्टांचं सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या ‘लॉक’पाशी; नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं.

‘युनिकोडमध्ये बदलून टाका’, म्हणजे सगळ्यांना एकच घरवाटणी द्या, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. फॉन्ट बदलणारी सॉफ्टवेअरं ‘दुसऱ्या’तला अर्धा र आणि ‘सूर्या’तला रफार यांत गफलत करू शकतात. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, एखादं जोडाक्षर फुटतं. यंत्राला ते कळत नाही. म्हणून मुद्रितशोधकाला शेजारी मूळ पान लागतं, जसं छापलं गेलं तसं. ते दाखवणारा जुना संच नेटपासून तोडलेला असला तरी चालतो, नव्हे, तसाच असावा. हार्ड डिस्कची नक्कल करून ठेवावी, बटण सेल बदलावा, लॉक हरवू देऊ नये. मग नव्या पडद्यावर युनिकोडचं पान, जुन्या पडद्यावर पेजमेकरचं, आणि मधे बसलेला कुणी बोट ठेवून ओळीला ओळ ताडून पाहणारा.